बायोडेटा कोण बघतंय?

नोकरी शोधणाऱ्या माणसाला एक चाळा लागतो. पाठवलेला बायोडेटा कुणी उघडून बघितला की रद्दीत गेला, हे त्याला दिवसातून चारदा कळायला हवं असतं. १९९४ साली रासमुस लेरडॉर्फ नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरला हाच चाळा लागला होता. त्याचा बायोडेटा मात्र कागदावर नव्हता, वेबवर होता. तेव्हा वेब इतकं लहान होतं की स्वतःचं पान असणं हीच मिरवण्यासारखी गोष्ट. पान कोण बघून गेलं हे मोजण्यासाठी त्याने सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांना नाव दिलं 'पर्सनल होम पेज टूल्स'. घरगुती पानासाठी घरगुती हत्यारं. पीएचपी या भाषेचं हे बारसं. पण बारसं कशाचं चाललंय हे बाळाच्या बापालाही माहीत नव्हतं, कारण आपण एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवतो आहोत हे त्याच्या मनातही नव्हतं.

लेरडॉर्फचा जन्म १९६८ सालचा, ग्रीनलंडजवळच्या डिस्को नावाच्या बेटावरचा. बालपण डेन्मार्कमध्ये, पुढे कॅनडा, आणि वॉटर्लू विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी. भाषा घडवणाऱ्यांच्या जगात हा माणूस तसा परकाच. भाषा घडवणारे बहुधा व्याकरण, प्रकार, तर्क यांवर वर्षानुवर्षं विचार केलेले प्राध्यापक किंवा संशोधक असतात. याला एवढंच हवं होतं की काम व्हावं आणि संध्याकाळी घरी जाता यावं.

त्या काळी वेबवर 'हलतं' पान करायचं म्हणजे काय करावं लागे, ते आधी बघू. सर्व्हरकडे विनंती आली की सर्व्हर एक वेगळा प्रोग्रॅम सुरू करी आणि तो प्रोग्रॅम आख्खं पान एकेक ओळ करून 'छापी'. हे प्रोग्रॅम बहुतेक वेळा पर्ल या भाषेत असत. पानावरचं शीर्षक, परिच्छेद, तक्ता, सगळं काही अवतरणचिन्हांत कोंबून छापण्याच्या आज्ञेच्या पोटात घालायचं. शीर्षकाचा रंग बदलायचा असला तरी प्रोग्रॅम उघडायचा, आणि एखादं अवतरणचिन्ह चुकलं की पानाऐवजी सर्व्हर बिघडल्याचा निरोप. पान सजवणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा ही दोन वेगळी माणसं असली, तर दोघांचं भांडण ठरलेलं.

लेरडॉर्फने हे उलटं केलं. आपल्याकडे छापील पत्रिका असते ना, मजकूर सगळा छापलेला आणि पाहुण्याचं नाव लिहायला टिंबटिंबांची एक ओळ मोकळी? तसं. पान हे पानच राहील, साध्या एचटीएमएलमध्ये. जिथे काही मोजून किंवा शोधून लिहायचं आहे तेवढ्या जागी एक खूण करायची, त्या खुणेत दोन ओळी लिहायच्या, आणि पान वाचकाकडे जाण्याआधी सर्व्हरने त्या जागा भरून टाकायच्या. पानाचं नाव बदलून सर्व्हरवर चढवलं की झालं. दुसरं काही शिकायचं नाही, काही जोडायचं नाही. ज्याला एचटीएमएल येतं त्याला पीएचपीची पहिली ओळ लिहायला दहा मिनिटं लागत. पुढच्या पंचवीस वर्षांत या भाषेचं जे बरं-वाईट झालं, त्याची मुळं या दहा मिनिटांत आहेत असं माझं मत आहे.

८ जून १९९५ रोजी त्याने ही हत्यारं यूजनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केली, मूळ प्रोग्रॅमसकट. लोकांनी वापरावीत, चुका सापडल्या तर कळवाव्यात, जमलं तर दुरुस्त करून पाठवाव्यात. लोकांनी तिन्ही केलं. फॉर्ममधली माहिती उचलण्याची सोय झाली, डेटाबेसशी बोलण्याची झाली. नाव दोन-तीनदा बदललं. वाड्याला मागच्या बाजूने पडवी काढावी, मग पडवीला भिंत घालून खोली करावी, खोलीवर माळा चढवावा, तशी ही हत्यारं वाढत गेली. मूळ नकाशाच नव्हता, तेव्हा नकाशाला धरून बांधण्याचा प्रश्न आला नाही.

या बांधकामातली एक वीट जवळून बघण्यासारखी आहे. पीएचपीत एक फंक्शन आहे, त्याचं नाव 'एचटीएमएलस्पेशलचार्स'. एवढं लांबलचक नाव रोज शेकडो वेळा टाइप करावं लागतं, आणि शेजारी 'स्ट्रलेन'सारखी आखूड नावंही आहेत. हा काय प्रकार? २०१३ साली लेरडॉर्फनेच खुलासा केला. अगदी सुरुवातीला फंक्शन शोधण्याची पद्धत अशी होती की नावात किती अक्षरं आहेत ते मोजायचं आणि त्या आकड्याच्या खणात बघायचं. पाच अक्षरी नावं पाचव्या खणात, सहा अक्षरी सहाव्या. सगळी नावं पाच-सहा अक्षरी झाली तर ते दोन खण ठासून भरणार आणि शोधायला वेळ लागणार. म्हणून त्याने नावांची लांबीच वेगवेगळी ठेवली. कपाटाच्या खणांत नीट बसावीत म्हणून पोरांची नावं कमी-जास्त लांबीची ठेवण्यातला प्रकार. शोधण्याची ती पद्धत कधीच गेली. नाव राहिलं, कारण तोवर जगभरच्या पानांत ते लिहिलं गेलं होतं.

असंच दुसरं. एखाद्या मोठ्या गोष्टीत छोटी गोष्ट शोधायची असेल तर पीएचपीच्या माहितीपुस्तकात मोठीला 'गवताची गंजी' आणि छोटीला 'सुई' म्हणतात. मजकुरात शब्द शोधणारं 'स्ट्रपॉस' हे फंक्शन आधी गंजी मागतं, मग सुई. यादीत वस्तू शोधणारं 'इन ॲरे' आधी सुई मागतं, मग गंजी. वीस वर्षं पीएचपी लिहिणारी माणसंही दर वेळी पुस्तक उघडून बघतात.

१९९७ साली हे सगळं कोलमडायच्या बेतात होतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की हे दोन विद्यार्थी एका प्रकल्पासाठी वेबवरचं दुकान बांधत होते. पीएचपी त्यांना अपुरी आणि तकलादू वाटली. त्यांनी भाषेचं वाक्य वाचून अर्थ लावणारा भागच नव्याने लिहिला. इतकं केल्यावर वेगळी चूल मांडायला हरकत नव्हती, पण त्यांनी लेरडॉर्फशी संधान बांधलं आणि तिघांनी मिळून जून १९९८ मध्ये पीएचपी ३ जाहीर केली. 'पर्सनल होम पेज' हे नाव आता घरगुती वाटू लागलं होतं. आद्याक्षरं ठेवून अर्थ बदलला : 'पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर'. यातला पहिला 'पी' म्हणजे पुन्हा 'पीएचपी', आणि त्यातला पहिला 'पी' म्हणजे पुन्हा तेच. संगणकवाल्यांचे विनोद असेच असतात.

हैफाची एक खूण भाषेत कायमची राहिली. दोन अपूर्णविराम जोडून जे चिन्ह होतं, त्याचं भाषेच्या पोटातलं नाव या दोघांनी हिब्रूत ठेवलं : 'पामायिम नेकुदोतायिम', म्हणजे 'दोनदा दोन ठिपके'. एरवी ते कुणाला दिसलं नसतं. पण ते चिन्ह चुकलं की पडद्यावर येणाऱ्या चुकीच्या निरोपात हेच नाव झळके. रात्री दोन वाजता, सकाळी वेबसाइट दाखवायची असताना, पडद्यावर 'पामायिम नेकुदोतायिम अपेक्षित' असं वाचलेल्या माणसाची अवस्था मी अनुभवली आहे. मला ते एखाद्या व्हायरसचं नाव वाटलं होतं.

मे २००० मध्ये पीएचपी ४ आली. तिच्या गाभ्यातल्या इंजिनाचं नाव झेंड, झीव आणि अँडी या दोन नावांची मोट. इथून पुढे पीएचपी नुसती पसरत गेली. पसरण्याचं कारण भाषेच्या सौंदर्यात शोधायला जाऊ नका. ते होस्टिंगच्या बिलात आहे. पीएचपीचं पान विनंती आली की जागं होतं, काम करतं आणि सगळं विसरून झोपी जातं. पुढच्या विनंतीला पाटी कोरी. त्यामुळे एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या वेबसाइट सुखाने नांदू शकतात, आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याची साइट सहसा अडकत नाही. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी, चारही फुकट. या चौकडीला 'लॅम्प' हे नाव १९९८ साली एका जर्मन मासिकातल्या लेखात पडलं. होस्टिंग विकणाऱ्या कंपन्यांनी हा दिवा घरोघरी लावला. जावाचं काही चालवायचं तर वेगळा, महागडा सर्व्हर हवा. पीएचपी मात्र सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्येही मिळे. फाइल एफटीपीने चढवली की साइट सुरू. पुण्या-मुंबईच्या गल्लीबोळांत 'वेब डिझाइन करून मिळेल'च्या पाट्या लागल्या, त्यांच्यामागे बहुतेक ठिकाणी हाच दिवा जळत होता.

मग मोठी कुळं आली. विकिपीडिया आधी पर्लमधल्या एका प्रोग्रॅमवर चाले. तो पुरेना तेव्हा माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीत नवा लिहिला आणि जानेवारी २००२ पासून विकिपीडिया त्यावर आला. पुढे त्याचंच मीडियाविकी झालं. मराठी विकिपीडियाचं पान उघडता तेव्हा ते पीएचपीच वाढून देते. २००२ सालीच याहूने पुढच्या कामासाठी पीएचपी निवडली आणि लेरडॉर्फलाही नोकरीवर घेतलं. बायोडेटा कुणीतरी बघितला म्हणायचा. मे २००३ मध्ये वर्डप्रेस आलं, फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहातून फेसबुक. दोन्हींची भाषा एकच.

आता या दहा मिनिटांच्या शिक्षणाचं बिल. सुरुवातीच्या पीएचपीत एक फार लाडकी सोय होती. फॉर्ममध्ये 'नाव' अशी चौकट असली की प्रोग्रॅममध्ये 'नाव' हे व्हेरिएबल आपोआप तयार होई. मागायचं नाही, उचलायचं नाही, ताटात वाढलेलं. नवशिक्याला हे जादूसारखं वाटे. या सोयीचं नाव 'रजिस्टर ग्लोबल्स'. आता समजा कुणी असं लिहिलं : पासवर्ड बरोबर असेल तर 'परवानगी' १ कर. आणि खाली : 'परवानगी' १ असेल तर तिजोरी दाखव. वाचायला निर्दोष. पण पत्त्याच्या पट्टीत पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन 'परवानगी=१' एवढं कुणी टाइप केलं, तर पीएचपी त्याच आज्ञाधारकपणे 'परवानगी' नावाचं व्हेरिएबल तयार करी आणि त्यात १ ठेवी. पासवर्ड चुकला तर ते शून्य करायला कुणी सांगितलेलंच नाही. तिजोरी उघडी. चोराने कुलूप फोडलं नाही. दारावरच्या पाटीवर 'मी मालक' असं स्वतःच लिहिलं आणि रखवालदाराने ते वाचून सलाम ठोकला.

एप्रिल २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली. पण हवी असेल त्याला चालू करता येई, आणि लाखो जुन्या साइट तिच्यावर उभ्या होत्या, म्हणून होस्टिंगवाल्यांनी ती चालूच ठेवली. ती भाषेतून पूर्ण उपटली जायला २०१२ उजाडलं. दहा वर्षं! प्रोग्रॅमर मंडळी पीएचपीला नावं ठेवतात तेव्हा बहुतेकदा या दशकाची आठवण काढत असतात. डेटाबेसला पाठवायच्या मजकुरातली अवतरणचिन्हं निष्प्रभ करण्याचं फंक्शन आधी आलं. ते पुरेसं सुरक्षित नाही म्हटल्यावर त्याच नावात 'रिअल' हा शब्द घालून दुसरं आलं. म्हणजे आधीचं खोटं होतं, हे भाषेनेच कबूल केलं.

पीएचपीच्या आवृत्त्या ओळीने मोजल्या तर एक आकडा गळतो. पाचनंतर एकदम सात. सहा कुठे गेली याची गोष्ट आपल्या घरापर्यंत येते, म्हणून इथे जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गणेशोत्सव मंडळाला मी वर्गणीदारांची यादी दाखवणारं पान करून दिलं. मोबाइलवर ओळ मोडू नये म्हणून नाव वीस अक्षरांवर कापायचं, एवढी साधी सूचना पानात होती. इंग्रजीत लिहिलेली नावं ठीक दिसली. मग 'ज्ञानेश्वर' आला आणि पडद्यावर उमटलं 'ज्ञाने', पुढे काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह. खजिनदार म्हणाले, "अहो, यांनी अकराशे एक दिलेत, निदान नाव तरी पुरं लिहा."

झालं होतं ते असं. पीएचपीला अक्षर माहीतच नाही; तिला बाइट माहीत आहेत. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा लेरडॉर्फच्या बायोडेटापुरता हा हिशोब चोख होता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर'मध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. विसाव्या बाइटवर सुरी चालवली तर सहा चिन्हांचे अठरा बाइट शाबूत राहतात आणि 'श'चा दोन तृतीयांश तुकडा. त्या तुकड्याला कुठलंच अक्षर म्हणता येत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह.

हे दुखणं पीएचपीच्या जाणत्यांना चांगलं ठाऊक होतं. २००५ च्या सुमारास आंद्रेई झ्मिएव्स्की याच्या पुढाकाराने ठरलं की सहाव्या आवृत्तीत भाषेचा पायाच युनिकोडचा करायचा. आतमध्ये सगळा मजकूर यूटीएफ-१६ पद्धतीने ठेवायचा, म्हणजे बहुतेक चिन्हांना दोन-दोन बाइट. आपल्याला यात फायदाच होता, 'ज्ञानेश्वर' तीसवरून वीस बाइटवर आला असता. पण इंग्रजी मजकुराचं ओझं दुप्पट होणार होतं. शिवाय वेबवरून येणारा आणि वेबवर जाणारा मजकूर बहुतेक यूटीएफ-८, म्हणजे दारात आत येताना भाषांतर, बाहेर जाताना पुन्हा भाषांतर. हजारो फंक्शनं एकेक करून उसवायची आणि शिवायची. कामाला गती येईना, करणाऱ्यांचा उत्साह आटला. सहासाठी केलेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी २००९ मध्ये ५.३ च्या ताटात वाढून टाकल्या, आणि २०१० मध्ये सहावी आवृत्ती गुंडाळली. तोवर 'पीएचपी ६' शिकवणारी पुस्तकं दुकानांत येऊन विकलीही गेली होती. न जन्मलेल्या भाषेची पाठ्यपुस्तकं! पुढच्या आवृत्तीला काय म्हणायचं यावर २०१४ मध्ये रीतसर मतदान झालं आणि गोंधळ नको म्हणून सहा आकडा वगळला गेला.

सात यायला धक्का लागला तो फेसबुकचा. कोट्यवधी लोकांना पानं वाढताना तिथले सर्व्हर धापा टाकू लागले होते. दुसऱ्या भाषेत सगळं नव्याने लिहिणं अशक्य, म्हणून फेसबुकने २०१० मध्ये पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारं 'हिपहॉप' आणलं, मग पीएचपी चालवणारं स्वतःचं इंजिन, आणि २०१४ मध्ये 'हॅक' नावाची पीएचपीची सावत्र बहीण. विकिपीडियासुद्धा त्या इंजिनावर गेला. मूळ पीएचपीच्या लोकांपुढे सरळ प्रश्न होता : आपली भाषा दुसऱ्याच्या इंजिनावर जास्त वेगाने धावत असेल तर आपल्याला कोण विचारणार? द्मित्री स्तोगोव्ह आणि सहकाऱ्यांनी झेंड इंजिनाची आतली मांडणी मुळापासून बदलली. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली पीएचपी ७ जुन्या कोडवरसुद्धा जवळपास दुप्पट वेगाने चालू लागली. प्रोग्रॅमरने काही न करता सर्व्हरचं बिल निम्म्यावर येण्याचे प्रसंग या व्यवसायात फार येत नाहीत. २०१९ मध्ये विकिपीडिया परत मूळ पीएचपीवर आला.

आठवी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तोवर शून्य हा आकडा आणि 'एबीसी' ही अक्षरं यांची तुलना केली तर पीएचपी दोन्ही सारखी आहेत म्हणे; आठपासून ती तसं म्हणत नाही. यासाठीही पंचवीस वर्षं लागली. मला यात आळस दिसत नाही. शहाणी भाषा घडवणाऱ्याला जुनं मोडायचं धैर्य असतं, कारण त्याच्या जुन्यावर फार कुणी राहत नसतं. पीएचपीच्या प्रत्येक वेड्यावाकड्या भिंतीला टेकून कुणाचं तरी दुकान उभं होतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये निकिता पोपोव्ह हा भाषेचा भार वाहणारा प्रोग्रॅमर दुसऱ्या कामाकडे वळला, आणि जगातल्या बहुसंख्य वेबसाइट ज्या भाषेवर चालतात तिचा गाभा समजणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच महिन्यात वर्गणी काढून पीएचपी फाउंडेशन उभं राहिलं. सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा वेबसाइटपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आजही पीएचपीवर आहेत.

देवनागरीचं काय? बाइटऐवजी चिन्हं मोजणारी 'एमबी' नावाची फंक्शनं आहेत. ती 'ज्ञानेश्वर'ची लांबी दहा सांगतात. जोडाक्षरं ओळखू बघणारी 'ग्राफीम' फंक्शनंही आहेत. सर्व्हरवरचं युनिकोडचं भांडार जुनं असेल तर ती सहा म्हणतात, नवं असेल तर आपल्यासारखी चार. मंडळाचं पान मी यातलंच फंक्शन घालून दुरुस्त केलं. लांबी मोजणाऱ्या साध्या 'स्ट्रलेन'ला विचाराल तर 'ज्ञानेश्वर'ची लांबी ते आजही तीस सांगतं.